ट्रिगरमधून एक्सपी_सीएमडीशेल चालवला की वजनकाटा गोठतो

उसाचं_पाचट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून पहिलाच धागा काढतोय.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर आणि एक एसी. त्यातला एसी तेवढा नियमित चालतो. वजनकाट्यावर एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) आहे. भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की ऑपरेटर वजन घेतो, टेबलात एक ओळ पडते, पावती निघते. यंदा गाळप सुरू होताना वरून हुकूम आला, की वजन झाल्या झाल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश गेला पाहिजे. संदेश पाठवणारा प्रोग्रॅम बाहेरच्यांचा आहे. तो एका फोल्डरवर डोळा ठेवून बसतो, मजकुराची फाइल पडली की उचलतो आणि पाठवतो. मला फक्त फाइल टाकायची आहे.

म्हणून वजनाच्या टेबलावर इन्सर्टचा ट्रिगर लिहिला, म्हणजे नवी ओळ पडली की आपोआप चालणारा कोड. त्यात एक्सपी_सीएमडीशेल (डेटाबेसमधून विंडोजची कमांड चालवायची सोय), आणि त्यातून बीसीपी. बीसीपी नवी ओळ क्वेरीने उचलून फाइलीत लिहितो. मॅनेजमेंट स्टुडिओत हीच बीसीपीची ओळ सुटी चालवली तर डोळ्याची पापणी लवायच्या आत फाइल तयार. ट्रिगरमध्ये घातली की काट्याचा पडदा गोठतो. एरर नाही, संदेश नाही, काही नाही. काल वीस मिनिटं अशीच गेली. ट्रॉल्यांची रांग गेटाबाहेर रस्त्यावर, शेतकी अधिकारी माझ्या डोक्यावर. शेवटी सर्व्हर बंद-चालू केला.

परवानगीचा घोळ असेल का? की अँटीव्हायरस? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(कमांडा देवनागरीत लिहिल्यात, चालवताना रोमनमध्ये टंका.)

कडीकोयंडा

उत्तर नाही, आधी प्रश्न. काट्याचा प्रोग्रॅम डेटाबेसला कुठल्या नावाने जोडतो?

उसाचं_पाचट

एसए. सगळे हक्क असलेलं मुख्य खातं. माझ्या आधीपासून तसंच आहे.

कडीकोयंडा

वाटलंच. तुमचा काटा आधी सुटू दे, मग येतो.

मीठभाकर

परवानगी नाही आणि अँटीव्हायरसही नाही. परवानगी नसती तर लगेच 'ॲक्सेस इज डिनाइड' तोंडावर मारून मोकळा झाला असता. गोठतोय म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय.

टेस्टच्या प्रतीवर परत गोठवून बघ. गोठला की दुसरी खिडकी उघडून एसपी_हू२ चालव आणि 'ब्लॉक्ड बाय'चा रकाना वाच. जमलं तर दोन्ही सेशनचा (जोडण्यांचा) वेट टाइप, म्हणजे कोण कशासाठी थांबलंय, तेही घे. ते आकडे इथे टाक.

झटपट

बीसीपीच्या क्वेरीत 'विथ नोलॉक' घाल, सुटेल. एवढ्यासाठी धागा कशाला?

उसाचं_पाचट

मीठभाकर ताई, रात्री टेस्टवर केलं. ५७ हे इन्सर्ट करणारं सेशन, ६१ बीसीपीचं. ६१ ला ५७ ने अडवलंय. ५७ ला कुणीच अडवलेलं नाही, तरी ते हलत नाही. ५७ चा वेट टाइप प्रीएम्प्टिव्ह_ओएस_पाइपऑप्स, ६१ चा एलसीके_एम_एस.

झटपट, तुमचं केलं. सुटलं खरंच! मग हेच ठेवू का?

मीठभाकर

ठेवू नकोस. आधी काय होतंय ते बघ.

काट्यावर इन्सर्ट झाला की नव्या ओळीवर ५७ चं कुलूप लागतं. ट्रान्झॅक्शन (एकत्र होणारा व्यवहार) कमिट, म्हणजे कायम, झालं की मगच ते उघडतं. ट्रिगर वेगळा काही नसतो, तो त्याच ट्रान्झॅक्शनच्या पोटात चालतो. ट्रिगरने एक्सपी_सीएमडीशेलला हाक मारली. हा बाबा सिंक्रोनस आहे, म्हणजे बाहेरची कमांड संपेपर्यंत तो परत येत नाही. त्याने विंडोजमध्ये बीसीपी नावाचा पूर्ण वेगळा प्रोसेस काढला. बीसीपी काय करतो? नव्याने लॉगिन होतो, त्याला ६१ हा स्वतःचा नंबर मिळतो, आणि तो तीच ओळ वाचायला जातो. ओळीला कुलूप. ६१ थांबला.

म्हणजे मालकाने कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि पोऱ्याला सांगितलं, की कपाटातली वही काढून आण, तू येईपर्यंत मी जागचा हलणार नाही. पोऱ्या कपाटापाशी उभा, मालक खुर्चीत बसलेला.

तू विचारशील, की एसक्यूएल सर्व्हर डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडून बसणं) पकडतो ना? पकडतो, दर पाच सेकंदांनी त्याचा पहारेकरी फेरी मारतो. पण त्याला फक्त आपल्या घरातल्या वाटा दिसतात. ६१ हा ५७ साठी थांबलाय हे दिसतं. ५७ कुठल्याही लॉकसाठी थांबलेला नाही, तो विंडोजच्या पाइपच्या तोंडाशी बसलाय. तुझा तो प्रीएम्प्टिव्ह वेट म्हणजे तेच. वर्तुळ पुरं होतं ते घराबाहेरून, म्हणून पहारेकरी म्हणतो सगळं ठीक आहे. दोघांपैकी कुणाचाही बळी दिला जात नाही आणि हे सकाळपर्यंत असंच राहू शकतं.

रात्री-अपरात्री परत झालं तर सर्व्हर बंद-चालू करू नकोस. आणि ५७ ला किल करू नकोस, तो 'किल्ड/रोलबॅक' म्हणत तसाच लटकून राहील, कारण तो बाहेरच्या प्रोसेसच्या हातात आहे. किल कर ६१ ला. बीसीपी एरर देऊन मरेल, ५७ सुटेल, काटा चालू होईल. नाहीतर टास्क मॅनेजरमधून बीसीपी संपव.

आता नोलॉक. नोलॉक म्हणजे कुलूप न बघता फटीतून वाचणं. ओळ दिसते, पण ती अजून कमिट झालेली नाही. समज, ट्रिगरनंतर पुढच्या कुठल्या तपासणीत इन्सर्ट उलटला. खातं चुकलं, टोळी नंबर चुकला, काहीही. टेबलात ओळ नाही, पावती नाही, पण शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजन पोचलंय. तो लेखी पुरावा घेऊन उभा राहणार आणि तुझ्याकडे नोंदच नाही. डेटाबेस रोलबॅक करू शकतो, म्हणजे स्वतःतली नोंद उलटवू शकतो. विंडोजमध्ये लिहिलेली फाइल आणि मोबाइलवर गेलेला संदेश तो परत आणू शकत नाही.

कुणी रीड कमिटेड स्नॅपशॉट चालू करायला सांगेल. त्याने गोठणं थांबेल, कारण वाचणारा अडत नाही, त्याला ओळीची आधीची कमिट झालेली अवस्था दाखवतात. पण नव्या ओळीची आधीची अवस्था म्हणजे काहीच नाही. बीसीपी शून्य ओळींची फाइल लिहील आणि यशस्वी म्हणून परत येईल. ते गोठण्यापेक्षा वाईट.

झटपट

मान्य. माझ्याकडे नोलॉक रिपोर्टात चालतो, तीच सवय लागलीय.

रात्रपाळी

ताईंना +१. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून शेलमध्ये (ओएसच्या कमांडच्या खिडकीत) जाणं, या एका वाक्यावर माझी अख्खी रात्र गेलेली आहे. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसची गोष्ट आहे, पण जात एकच.

एसक्यूएल प्लसमध्ये (ओरॅकलशी बोलायचा क्लायंट) 'होस्ट' लिहिलं की शेलची कमांड चालते. युनिक्सवर नुसतं उद्गारचिन्ह, विंडोजवर डॉलरचं चिन्ह. पुढे काही न लिहिता एंटर मारलं तर शेलच उघडतो आणि एसक्यूएल प्लस मागे उभा राहतो. मी एका मोठ्या टेबलावर अपडेट चालवला होता, तपासायचा होता, कमिट केलेला नव्हता. मध्ये एक लॉग फाइल बघायची म्हणून उद्गारचिन्ह मारून शेलमध्ये गेलो. तिथून दुसऱ्या कामासाठी आणखी एक एसक्यूएल प्लस उघडला. त्यातून परत शेल. तेवढ्यात फोन आला, चहाला गेलो. परत आल्यावर कुठल्या मजल्यावर आहे ते कळेना. पडद्यावर फक्त डॉलर लुकलुकतोय. मधल्या वेळात ते टेबल लॉक, खालचे सगळे ओरडतायत. मी म्हटलं बाहेर पडू या. एक्झिट, एक्झिट, एक्झिट, एक्झिट.

एसक्यूएल प्लसचा एक्झिट जाता जाता कमिट करतो. डिफॉल्ट तसंच आहे. चौथ्या एक्झिटला माझा न तपासलेला अपडेट कायमचा झाला. वेअर क्लॉज (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) चुकलेला होता हे सांगायला नकोच.

त्यानंतर माझ्या लॉगिन स्क्रिप्टमध्ये 'सेट एक्झिटकमिट ऑफ' आहे. शिवाय शेलसाठी सरळ दुसरं टर्मिनल उघडतो.

रच्याकने, होस्ट आणि उद्गारचिन्ह तंतोतंत सारखे नाहीत. होस्टच्या ओळीत अँपरसँडने (&) लिहिलेले व्हेरिएबल भरले जातात, उद्गारचिन्हाच्या ओळीत नाही. स्क्रिप्ट एका सर्व्हरवर चालते नि दुसऱ्यावर नाही, असं झालं तर आधी हे बघा.

हत्तीवाला

या धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतायत, त्या सोडवून ठेवतो. मी पोस्टग्रेस या डेटाबेसवाला, तिथलंच सांगतो.

रात्रपाळी म्हणतात तो होस्ट हा क्लायंटचा आहे. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या क्लायंटमध्ये त्याचा भाऊ म्हणजे बॅकस्लॅश आणि उद्गारचिन्ह. तो तुम्ही बसलाय त्या यंत्रावर, तुमच्या लॉगिनने चालतो. सर्व्हरला त्याची खबरही नसते. पाचटभाऊंचा एक्सपी_सीएमडीशेल सर्व्हरवर चालतो, सर्व्हरच्या सर्व्हिसच्या नावाने. पोस्टग्रेसमध्ये त्याच्या जोडीला 'कॉपी ... फ्रॉम प्रोग्रॅम' आणि 'कॉपी ... टू प्रोग्रॅम' आहे. २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून आलं. ते डेटाबेसच्या यंत्रावर पोस्टग्रेस या ओएस युजरच्या हक्काने चालतं.

दिसायला दोन्ही सारखेच, आणि इथेच माणूस फसतो. मी स्वतः फसलोय. वरिष्ठांनी विचारलं, सर्व्हरवर डिस्क किती उरलीय? मी पीएसक्यूएलमध्येच बसलो होतो. बॅकस्लॅश, उद्गारचिन्ह, डीएफ डॅश एच. ऐंशी जीबी मोकळी. तसं कळवलं आणि घरी गेलो. ती ऐंशी जीबी माझ्या लॅपटॉपची होती. सर्व्हर पहाटे डिस्क भरून बसला.

अजून एक बारीकसं. बॅकस्लॅश-उद्गारचिन्हाने 'सीडी' करून दुसऱ्या फोल्डरात गेलात असं वाटतं, पण गेलेले नसता. प्रत्येक वेळी नवा शेल जन्मतो, सीडी करतो आणि मरतो. पीएसक्यूएलचा स्वतःचा बॅकस्लॅश-सीडी आहे, तो वापरा.

वरणभात

मायएसक्यूएलचं पण सांगून टाकतो. क्लायंटमध्ये 'सिस्टम' किंवा बॅकस्लॅश-उद्गारचिन्ह. विंडोजवर ते ८.०.१९ पासून चालतं, त्याआधी फक्त युनिक्स. सर्व्हरच्या बाजूला तयार असं काही नाही. लोक बाहेरची लायब्ररी प्लगिनच्या फोल्डरात टाकून फंक्शन बनवतात. मी ते करत नाही आणि कुणी करताना दिसलं तर उठून चहाला जातो.

जुना_फ्लॉपीवाला

अवांतर: तुमच्या या चर्चा वाचून डॉसवरचा जुना डेटाबेस फॉक्सप्रो आठवला. पतपेढीत दिवसाचा हिशेब संपला की 'रन कॉपी' लिहून डीबीएफ फायली फ्लॉपीवर. रनच्या ऐवजी उद्गारचिन्हही चालायचं. म्हणजे हे चिन्ह तुमच्या आधीपासूनचं आहे, बाळांनो. अडचण एकच, मेमरी. डॉसचे ६४० केबी, त्यात फॉक्सप्रो पसरून बसलेला. बाहेरची कमांड चालवायला जागाच नाही. मग फॉक्सस्वॅप नावाची एक छोटी फाइल फॉक्सप्रोला तात्पुरतं डिस्कवर गुंडाळून ठेवायची आणि कमांड संपली की परत अंथरायची. ती फाइल कुणी पुसली की मॅनेजर आमच्या नावाने खडे फोडायचे.

पण कुठल्या यंत्रावर आणि कुणाच्या नावाने, हा प्रश्न नव्हता. यंत्र एक, आणि डॉसला युजर ही भानगडच माहीत नव्हती. जो कीबोर्डवर बसला तो मालक.

कडीकोयंडा

काका, तुमचं शेवटचं वाक्य घेऊनच सुरू करतो. काट्याच्या यंत्राला एसए ने जोडणं म्हणजे एसक्यूएल सर्व्हरला परत डॉस करणं आहे.

२००५ च्या आवृत्तीपासून एक्सपी_सीएमडीशेल बंद अवस्थेतच येतो. चालू करायला एसपी_कॉन्फिगरने आधी 'शो ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि मग त्याला एक करून रीकॉन्फिगर करावं लागतं. हे पाचटभाऊंनी केलंय किंवा आधीच्या कुणी. ते बंद ठेवण्यामागे इतिहास आहे. मे २००२ मध्ये स्पायडा नावाचा किडा फिरला, काही जण त्याला एसक्यूएलस्नेक म्हणायचे. तो १४३३ पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचं नेटवर्कवरचं दार) उघडा असलेले सर्व्हर शोधायचा, एसए आणि कोरा पासवर्ड टाकून बघायचा आणि आत शिरला की याच एक्सपी_सीएमडीशेलने हातपाय पसरायचा. कुठलंही छिद्र फोडलं नाही त्याने. दार उघडं होतं, आत हत्यारही ठेवलेलं होतं.

आता लोकांचा एक गैरसमज आहे, की एक्सपी_सीएमडीशेल बंद केला की झालं. ज्याच्या हातात सिसॲडमिन (एसएकडे असतात ते सगळे हक्क) आहे तो दोन ओळींत परत चालू करतो. कडी आतल्या बाजूला आहे आणि चोर आत आहे. म्हणून खरा प्रश्न हा, की आत कोण आहे. काट्याच्या प्रोग्रॅमला एसए काढून वेगळं लॉगिन द्या, त्याला वजनाच्या टेबलांपुरते हक्क. ते लॉगिन एक्सपी_सीएमडीशेल चालवूच शकणार नाही. म्हणजे तुमचा ट्रिगर पण त्या दिवशी मोडेल, आणि मोडलेला बरा.

दुसरं, एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस कुठल्या खात्यावर चालते ते सर्व्हिसेसच्या यादीत बघा. सिसॲडमिनने एक्सपी_सीएमडीशेल चालवला की कमांड त्या खात्याच्या हक्काने चालते. लोकल सिस्टम (यंत्रावरचे जवळपास सगळे हक्क असलेलं खातं) असेल तर ते यंत्र गेलंच समजा. सिसॲडमिन नसलेल्यांसाठी प्रॉक्सी खातं करता येतं, मोजके हक्क असलेलं. फार थोड्या ठिकाणी ते केलेलं बघितलंय.

हत्तीवाले, तुमच्याकडेही पावित्र्य नाही बरं का. २०१९ मध्ये कॉपी फ्रॉम प्रोग्रॅमला सीव्हीई नंबर (सुरक्षेच्या छिद्रांच्या जाहीर यादीतला क्रमांक) मिळाला होता.

हत्तीवाला

मिळाला, आणि पोस्टग्रेसच्या मंडळींनी तो नाकारला. त्यांचं म्हणणं, की सुपरयुजरला ओएसवर कमांड चालवता येणं हे छिद्र नाही, ती सोय आहे. सुपरयुजर आणि डेटाबेसचा ओएस युजर यांच्यात भिंत आहे असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. मला ते पटतं. अकराव्या आवृत्तीपासून पीजी_एक्झिक्यूट_सर्व्हर_प्रोग्रॅम नावाचा रोल आहे, म्हणजे सुपरयुजर न करताही हा एक हक्क देता येतो. आणि तो देताना काय देतोय ते नावातच लिहिलंय.

पण तुमचंही बरोबर. २०२० मध्ये पीजीमायनर नावाचं जाळं सापडलं ते कमकुवत पासवर्डचे पोस्टग्रेस शोधून याच कॉपीने क्रिप्टोची आभासी नाणी खणणारा प्रोग्रॅम बसवायचं. सोय असली तरी दारात ठेवू नये.

उसाचं_पाचट

वाचतोय सगळं. घाम फुटलाय. सर्व्हिसेसमध्ये बघितलं, लोकल सिस्टमच आहे.

नोलॉकवाली आवृत्ती टेस्टवर ठेवून बघत होतो, तिथेही तीन भानगडी निघाल्या. १) माझ्या लॉगिनने झेड ड्राइव्ह दिसतो, एक्सपी_सीएमडीशेलला 'पाथ सापडत नाही'. २) शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत, फाइलीत नुसती प्रश्नचिन्हं. ३) एका वाहतूकदाराच्या नावात 'अँड सन्स' आहे, ते आमच्या लोकांनी अँपरसँडच्या चिन्हाने लिहिलंय. फाइलीचं नाव वाहतूकदारावरून ठेवलं होतं. तो आला की फाइल अर्ध्या नावाने बनते आणि वर एरर येते, की 'सन्स' नावाची कमांड सापडत नाही.

मीठभाकर

तिसऱ्याला हसू की रडू. सीएमडीला अँपरसँड म्हणजे 'ही कमांड संपली, आता पुढची'. तुझ्या वाहतूकदाराने नकळत तुझ्या सर्व्हरवर दुसरी कमांड चालवली. सन्स नावाचा प्रोग्रॅम नव्हता म्हणून वाचलास. त्या जागी कुणी मुद्दाम दुसरं काही टंकलं असतं तर ते लोकल सिस्टमच्या हक्काने चाललं असतं. ऑपरेटरने टंकलेला मजकूर चिकटवून कमांडची ओळ बनवायची नाही. अवतरणचिन्हं घालून भागेल असंही समजू नकोस, मजकुरात अवतरणचिन्ह येऊ शकतं. फाइलीचं नाव पावती नंबरावरून ठेव, आणि पावती नंबर टेबलात पूर्णांक आहे ना ते बघ.

झेड ड्राइव्ह तुझ्या लॉगिनने जोडलाय, तो तुझाच. सर्व्हिसच्या खात्याला तो अस्तित्वातच नाही. दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण पत्ता लिही आणि त्या शेअरवर सर्व्हिसच्या खात्याला हक्क दे. लोकल सिस्टम नेटवर्कवर यंत्राच्या नावाने जातो, म्हणून त्याला नुसता हक्क देणंही किचकट.

प्रश्नचिन्हं बीसीपीच्या डॅश सी मुळे. डॅश डब्ल्यू दे, युनिकोड लिहील. समोरच्या प्रोग्रॅमला ते वाचता येतं का, ते त्यांना विचार. आणि टेबलातला रकाना एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा) हवा, नाहीतर प्रश्नचिन्हं आत शिरतानाच झालेली असतील.

हे सगळं सांगितलं, पण खरं सांगायचं तर यातलं काहीच दुरुस्त करत बसू नकोस. ट्रिगरमध्ये एवढंच ठेव: 'संदेश_रांग' नावाच्या टेबलात एक ओळ, पावती नंबर, वेळ आणि पाठवलं की नाही. ती ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आहे. वजन उलटलं तर रांगेतली ओळही उलटते. कमिट झालं तर दोन्ही झाले. काटा तेवढ्यावर मोकळा. पुढचं काम बाहेरच्या एका छोट्या प्रोग्रॅमने करायचं. न पाठवलेल्या ओळी वाचायच्या, फाइल लिहायची, खूण करायची. त्याला वेगळं लॉगिन, वेगळं विंडोज खातं. एक्सपी_सीएमडीशेल बंद.

रात्रपाळी

रांग उत्तम. ओरॅकलवाल्यांनी हेच करताना एक लक्षात ठेवा. ट्रिगरमधून डीबीएमएस_शेड्युलरचा (कामं लावून ठेवायची सोय) क्रिएट_जॉब मारायला जाऊ नका, तो परस्पर कमिट करतो. जुना डीबीएमएस_जॉब तसं करत नाही, तुम्ही कमिट केलंत तरच तो खरा होतो. म्हातारा म्हणून हिणवतात त्याला, पण या बाबतीत शहाणा.

हत्तीवाला

आमच्याकडे रांगेच्या जोडीला नोटिफाय. बाहेरचा प्रोग्रॅम लिसन करून बसतो, ट्रिगर नोटिफाय करतो, आणि ती हाक कमिट झाल्यावरच पोचते. रोलबॅक झालं तर हाकच नाही. दर मिनिटाला उठून टेबल चाचपायची गरज उरत नाही.

झटपट

शंका आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमने फाइल लिहिली आणि खूण करायच्या आत वीज गेली तर? परत उठला की तीच फाइल पुन्हा लिहिणार. शेतकऱ्याला दोन संदेश.

मीठभाकर

हो, जाणार. आधी खूण करून मग फाइल लिहिलीस तर दोन जाणार नाहीत, कधीतरी एकही जाणार नाही. दोन्हीपैकी काय चालेल ते ठरवावं लागतं. वजनाचा संदेश दोनदा गेला तर कुणी भांडत नाही. मजकुरात पावती नंबर घाला, म्हणजे त्यालाही कळेल की एकच खेप आहे.

(हा प्रश्न नोलॉकच्या माणसाने विचारला याचा आनंद वेगळाच.)

उसाचं_पाचट

एक अडचण. एजंटचा (एसक्यूएल सर्व्हरमधली ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) जॉब लावायला गेलो तर एजंटच नाही. आमची एक्सप्रेस, म्हणजे फुकटातली, आवृत्ती आहे म्हणे.

मीठभाकर

एक्सप्रेसमध्ये एजंट नसतो. विंडोजचा टास्क शेड्युलर वापर, दर मिनिटाला. पॉवरशेलची पन्नास ओळींची स्क्रिप्ट पुरेल. दोन गोष्टी सांभाळ. आधीची फेरी संपली नसेल तर नवी सुरू करू नये अशी तिथे सेटिंग आहे, ती लाव. आणि टास्क 'वापरकर्ता लॉगिन नसतानाही चालव' वर ठेव, नाहीतर तू घरी गेलास की संदेश बंद.

आणखी एक, प्रश्न विचारणारी कुठलीही कमांड अशा ठिकाणी घालू नकोस. आमच्याकडे एकाने हौसेने एक्सपी_सीएमडीशेलमधून नोटपॅड चालवला होता. नोटपॅड उघडला, पण सर्व्हिसच्या अदृश्य पडद्यावर. तो बंद करायला तिथे कोण आहे? ते सेशन दुपारपर्यंत नोटपॅड बंद व्हायची वाट बघत होतं.

जुना_फ्लॉपीवाला

हा हा हा. आमच्याकडे 'ओव्हरराइट करू का, वाय की एन' असं विचारून फ्लॉपी थांबायची. पण निदान दिसायचं तरी!

उसाचं_पाचट

आठ दिवसांनी येतोय, उशिराबद्दल क्षमस्व. मध्ये गव्हाण दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा संगणक विभागालाच बोलावलं.

रांगेचं टेबल केलं. ट्रिगरमध्ये आता एकच इन्सर्ट. काट्याला नवीन लॉगिन दिलं, ते करताना कळलं की हजेरीचा, भांडाराचा आणि पेट्रोल पंपाचा असे तिन्ही प्रोग्रॅम एसएनेच जोडतात. भांडाराचं सोडवलं. हजेरीवाल्यांच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड कोडातच लिहिलाय, ते म्हणाले बदलून देतो, तारीख दिली नाही. पेट्रोल पंपाचा लिहिणारा माणूस कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे एसए अजून जिवंत आहे, कडीकोयंडा, ओरडू नका. एक्सपी_सीएमडीशेल मात्र बंद केला. सर्व्हिस साध्या खात्यावर आणली, त्याला आधी बॅकअपच्या फोल्डरचा हक्क द्यायला विसरलो, तो रात्रीचा बॅकअप चुकला, दुसऱ्या दिवशी दिला.

काटा एकदाही गोठला नाही. परवा तर एका रात्रीत चारशेच्या वर खेपा झाल्या, ऑपरेटरला काही बदललंय हेही कळलं नाही. नावं मराठीत जातात. अँड सन्सवाल्यांनाही संदेश गेला.

आता नवी तक्रार. काटा चोवीस तास चालतो, त्यामुळे संदेश रात्री दोनला, तीनला जातात. गटाच्या बैठकीत दोन-तीन जण म्हणाले, झोपमोड होते, सकाळी पाठवा. लगेच मागणी आली, की रात्री अकरा ते सकाळी सहा संदेश थांबवा. पण काही जणांना रात्रीच हवाय, ट्रॉली पोचली का ते कळतं म्हणून. ट्रिगरमध्ये वेळेची अट घालू का?

मीठभाकर

ट्रिगरला हात लावू नकोस. रांगेत ओळ पडू दे, ती पाठवायची कधी ते बाहेरची स्क्रिप्ट ठरवेल. शेतकऱ्यांच्या टेबलात 'रात्री चालेल' असा एक रकाना घाल आणि स्क्रिप्टच्या वेअर क्लॉजमध्ये वेळेसोबत तो तपास. सकाळी सहाला साचलेले सगळे एकदम निघतील, तेव्हा पलीकडच्या प्रोग्रॅमला एका मिनिटात किती फायली झेपतात ते आधी विचारून घे.

उसाचं_पाचट

विचारलं. साठ म्हणाले. मग एका फेरीला पन्नास.

कडीकोयंडा

पेट्रोल पंपाचं काय झालं?

उसाचं_पाचट

माणूस सापडला. सांगलीत रसवंती चालवतो. रविवारी जातोय.